शब्द सारखा दिसला म्हणजे नाते जुळले असे नाही: भाषांचे इंडो-युरोपीय नाते तपासण्याची पद्धत, टप्प्याटप्प्याने

‘नेव्हिगेशन’ हा शब्द संस्कृत ‘नवगति’वरून आला, असे सांगणारा संदेश माझ्याकडे वर्षातून निदान दोनदा येतो, आणि प्रत्येक वेळी पाठवणारा वेगळा असतो. संदेश चुकीचा आहे, पण गंमत अशी की त्याच शब्दात खरे नाते दडलेले आहे आणि ते कोणी सांगत नाही. लॅटिनमध्ये ‘नाविस’ म्हणजे जहाज. हा शब्द संस्कृत ‘नौ’चा सख्खा भाऊ आहे. शब्दाच्या दुसऱ्या भागात ‘अगेरे’ म्हणजे हाकणे हा धातू आहे आणि त्याचे नाते संस्कृत ‘अज्’ या त्याच अर्थाच्या धातूशी लागते. ‘नव’ आणि ‘गति’ यांचा तिथे काहीही संबंध नाही.

कानाला सारखे वाटले की जोडून टाकायचे, ही सवय मोडण्यासाठी पुढची पद्धत लिहिली आहे. संस्कृत, मराठी, फारसी, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या भाषा ज्या एका पूर्वज भाषेतून उतरल्या, तिच्या कुळाला इंडो-युरोपीय म्हणतात. नाते ठरते ते दोन भाषांतील फरक नियमित आहे की नाही यावरून. साम्य फक्त तपासाला सुरुवात करून देते. खालील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत. बहुतेक चुका क्रम बदलल्यामुळेच होतात.

पूर्वतयारी

एक जाड वही किंवा संगणकावरचा तक्ता घ्यावा आणि त्यात सहा रकाने आखावेत: आजचा शब्द, अर्थ, सापडलेले सर्वांत जुने रूप, ते कोणत्या भाषेतले, शब्द वारशाने आला की उसना घेतला, आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना शेवटच्या टप्प्यापर्यंत रिकामा ठेवावा. तो आधी भरला की माणूस पुढे पुरावा शोधत नाही, समर्थन शोधतो.

मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश आणि भारतीय-आर्य भाषांचा टर्नर यांचा तुलनात्मक कोश हे दोन्ही हाताशी असावेत. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दोन्ही विनामूल्य पाहता येतात. इंग्रजी शब्दासाठी व्युत्पत्ती देणारा कोणताही मोठा कोश चालेल, मात्र त्यात शब्दाचे जुने इंग्रजी रूप दिलेले असले पाहिजे.

सावधान: देवनागरीत लिहिलेला परकी शब्द फसवतो. ‘थ्री’मधला ‘थ’ आणि ‘थाळी’तला ‘थ’ आपण एकाच अक्षराने लिहितो, पण इंग्रजी ध्वनी घर्षणाचा आहे आणि आपला स्फोटाचा. ‘फूट’ आणि ‘फळ’ यांतल्या ‘फ’चेही तसेच आहे. तक्त्यात अशा अक्षरापुढे एखादी खूण करावी, म्हणजे पुढे ‘फ बरोबर फ’ अशी खोटी जुळणी होणार नाही.

टप्पा १: भाषेचा प्रकार आणि भाषेचे कूळ यांची गल्लत दूर करावी

भाषांचे वर्गीकरण दोन अगदी निराळ्या प्रश्नांवरून होते. शब्द कसे घडतात, वाक्यात ते कोणत्या क्रमाने येतात, हे पाहिले की भाषेचा प्रकार कळतो. ती कोणत्या पूर्वज भाषेतून उतरली, हे पाहिले की कूळ कळते. माणसाची उंची आणि त्याचे घराणे या जशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तशाच या आहेत.

‘घरातल्यांनासुद्धा’ हा रोजचा शब्द घ्या. घर, मग सामान्यरूपाचा ‘आ’, मग ‘त’, मग ‘ल्यां’, मग ‘ना’, मग ‘सुद्धा’: मण्यांसारखे एकामागे एक प्रत्यय ओवले आहेत आणि प्रत्येक मणी बोटाने दाखवता येतो. तुर्की भाषेत ‘एव्लेरिमिझ्देन’ म्हणजे ‘आमच्या घरांहून’. तिथेही ‘एव’ घर, ‘लेर’ अनेकवचन, ‘इमिझ’ आमचे, ‘देन’ हून, अशी सरळ माळ आहे. आता संस्कृत ‘गृहेभ्यः’ पाहा. अनेकवचन कोठे संपते आणि विभक्ती कोठे सुरू होते, हे तिथे कापून दाखवता येत नाही. घडणीच्या बाबतीत मराठीची ही माळ संस्कृतपेक्षा तुर्कीला जवळची दिसते, आणि तरीही मराठीचे कूळ इंडो-युरोपीय आहे, तुर्कीचे नाही. इंग्रजीने तर बहुतेक प्रत्यय गाळून टाकले आणि ‘फ्रॉम अवर हाउसेस’ असे सुटे शब्द मांडले, तरी तिचे कूळ बदलले नाही. प्रकार काही शतकांत पालटू शकतो. जन्म पालटत नाही.

शेजारामुळेही प्रकार सारखा होतो. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद, म्हणजे ऐकणारा वगळून आणि ऐकणारा धरून, मराठीत आहे. तो तेलुगू आणि तमिळ या द्राविड भाषांतही आहे. पण शब्दांचा माल पाहिला तर ‘आम्ही’ हे प्राकृत ‘अम्हे’मधून आणि ‘आपण’ हे ‘आत्मन्’च्या प्राकृत रूपातून आलेले आहे. भेदाची रीत शेजाऱ्यांसारखी, माल घरचा.

या टप्प्यावर पुढील तीन गोष्टी पुरावा म्हणून बाद कराव्यात.

लिपी: फारसी अरबी लिपीत लिहिली जाते आणि इंडो-युरोपीय आहे, अरबी स्वतः सेमिटिक आहे. तुर्की रोमन लिपीत आहे आणि तरी इंडो-युरोपीय नाही.

नकाशा: कुळाच्या नावात ‘युरोपीय’ आहे म्हणून युरोपातली प्रत्येक भाषा त्यात येत नाही, फिनिश, हंगेरियन आणि बास्क बाहेरच्या आहेत. ‘इंडो’ आहे म्हणून भारतातली प्रत्येक भाषाही येत नाही. त्यासाठी दूर जायला नको. गडचिरोलीकडची गोंडी आणि यवतमाळकडची कोलामी द्राविड आहेत, मेळघाटातली कोरकू ऑस्ट्रो-आशियाई आहे, आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात बोलली जाणारी निहाली कोणत्याच ज्ञात कुळात बसत नाही.

वाक्यातील क्रम: क्रियापद शेवटी येणे हे मराठीत आहे, जपानीत आहे, तुर्कीत आहे, कन्नडमध्ये आहे. त्यावरून नाते सिद्ध होत नाही.

टप्पा २: तपासायचे शब्द निवडावेत

शब्द आधी निवडावेत आणि तुलना नंतर करावी. आधी सारखे शब्द गोळा करून मग त्यांचीच यादी करणे म्हणजे उत्तर फळ्यावर लिहून गणित सोडवणे होय. शंभरेक शब्द पुरतात: एक ते दहा आकडे आणि शंभर, शरीराचे अवयव, जवळची नाती, सर्वनामे, पाणी, अग्नी, सूर्य, खाणे, पिणे, जाणणे, देणे, असणे. धर्म, राज्यकारभार, व्यापार आणि यंत्रे यांचे शब्द घेऊ नयेत, कारण ते वस्तूबरोबर गावोगाव फिरतात.

निवडलेल्या यादीतूनही तीन प्रकारचे शब्द वगळावेत.

पहिला प्रकार बाळबोलीचा. मामा, बाबा, पापा यांसारखे शब्द जगभर आहेत, कारण ते बाळाच्या ओठांना सोपे पडतात. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील. ती इंडो-युरोपीयही नाही, आणि आपला मामा तर आईचा भाऊ.

दुसरा प्रकार आवाजाच्या नकलेचा. ‘कोकिळ’ आणि इंग्रजी ‘कुकू’ दोन्ही पक्ष्यानेच शिकवले आहेत.

तिसरा प्रकार फार आखूड शब्दांचा. एक व्यंजन आणि एक स्वर एवढ्याच भांडवलावर योगायोग सहज घडतो. ‘तू’ हा मराठीत, लॅटिनमध्ये आणि जवळपास तसाच फारसीत आहे आणि नाते खरेच आहे, पण केवळ या शब्दावर ते टेकवू नये.

टप्पा ३: उसने शब्द बाजूला काढावेत

हा टप्पा कंटाळवाणा आहे, आणि म्हणूनच लोक तो गाळतात.

‘चावी’, ‘बादली’, ‘पगार’, ‘घमेले’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. पोर्तुगीज इंडो-युरोपीय आहे, मराठीही आहे. तरी ‘चावी’ हा दोघींच्या नात्याचा पुरावा नव्हे, देवघेवीचा आहे. त्याच न्यायाने ‘तूप’, ‘अडकित्ता’, ‘अक्का’, ‘अण्णा’ हे कन्नडकडून आलेले शब्द मराठीला द्राविड ठरवत नाहीत, आणि मलयाळम, कन्नड, तेलुगू यांतले हजारो तत्सम शब्द त्या भाषांना संस्कृतच्या लेकी ठरवत नाहीत. कन्नड माणसाला एक ते पाच मोजायला सांगावे. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. तमिळ आणि तेलुगूचे आकडे याच्याशी जुळतील, मराठीचे नाही.

एकच मूळ वेगवेगळ्या वाटांनी घरात येते तेव्हा खरी कसोटी लागते. ‘सात’ आपल्याकडे प्राकृतातून वारशाने आला, ‘सप्ताह’ संस्कृतमधून जसाच्या तसा उचलला, आणि ‘हप्ता’ फारसीतून आला. तिन्हींच्या पोटात सातच आहेत. फारसीत शब्दारंभीच्या जुन्या ‘स’चा ‘ह’ झाला, म्हणून सप्त तिकडे हफ्त झाले, सिंधु हिंदू झाला, आणि सहस्रचा तिकडचा भाऊबंद ‘हजार’ म्हणून आपल्याकडे आला. ‘सात’ आणि ‘हफ्त’ यांची तुलना योग्य आहे. ‘हप्ता’ आणि ‘हफ्त’ यांची तुलना निरर्थक आहे, कारण तो एकच शब्द आहे.

इंग्रजीच्या बाजूलाही हीच चाळणी लावावी. ‘दंत’ आणि ‘डेंटल’ ही आवडती जोडी आहे, पण ‘डेंटल’ इंग्रजीने लॅटिनकडून घेतलेला शब्द आहे. इंग्रजीचा घरचा शब्द ‘टूथ’. ‘पितृ’ची तुलना ‘पॅटर्नल’शी न करता ‘फादर’शी करावी. ज्या इंग्रजी शब्दाला फ्रेंच किंवा लॅटिन पाहुण्याचा वास येतो, तो इंग्रजीच्या नावावर न लिहिता लॅटिनच्या नावावर लिहावा.

तपासणी: उसन्या शब्दांच्या रकान्यात यादीचा मोठा भाग गेला, तर यादी बदलावी. हट्टाने पुढे जाऊ नये.

टप्पा ४: प्रत्येक शब्दाचे जुने रूप शोधावे

आजचा मराठी शब्द आजच्या इंग्रजी शब्दाशी थेट भिडवू नये. दोन्ही बाजूंनी मागे जावे. हात हा हत्थ, आणि हत्थ हा हस्त. आठ हा अट्ठ, आणि अट्ठ हा अष्ट. दूध हा दुद्ध, आणि दुद्ध हा दुग्ध. जोडाक्षराचे आधी द्वित्त होते, मग द्वित्त सुटते आणि आधीचा स्वर लांबतो. हा धडा एकदा अंगवळणी पडला की निम्मे तद्भव शब्द स्वतःच ओळखता येतात.

हात मागे नेला की आणखी एक दार उघडते. संस्कृत ‘हस्त’, अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथातील ‘झस्त’ आणि जुन्या फारसीतील ‘दस्त’ हे सख्खे आहेत, म्हणजे ‘दस्तऐवज’ आणि ‘दस्तखत’ यांत आपला हातच बसलेला आहे. आजच्या ‘हात’ आणि ‘दस्त’ यांकडे पाहून हे कोणी म्हटले असते तर आपण हसलो असतो.

सावधान: प्रत्येक मराठी शब्दाला संस्कृत पूर्वज असलाच पाहिजे, असा आग्रह धरू नये. ‘पोट’ प्राकृतात ‘पोट्ट’ म्हणून सापडते. त्यामागे ओढून-ताणून संस्कृत शब्द उभा करणे ही व्युत्पत्ती नव्हे. तेथे रकाना रिकामा सोडावा.

टप्पा ५: ध्वनींच्या जुळण्या मांडाव्यात

पद्धतीचा गाभा हाच आहे, म्हणून येथे घाई करू नये. आधी जवळच्या भाषेवर हात बसवावा. मराठी आणि हिंदी घ्या: वीस आणि बीस, वाघ आणि बाघ, वीज आणि बिजली, वाजणे आणि बजना. मराठी ‘व’ समोर हिंदी ‘ब’ पुन्हा पुन्हा येतो. आता दुसरी जुळणी: सुरी आणि छुरी, पुसणे आणि पूछना, मासळी आणि मछली, वासरू आणि बछडा. मराठी ‘स’ समोर हिंदी ‘छ’. वासरू आणि बछडा या जोडीत दोन्ही जुळण्या एकाच वेळी आल्या. असे घडले की समजावे, आपण बरोबर वाटेवर आहोत. मूळ ‘वत्स’, त्याचे प्राकृत ‘वच्छ’. हिंदीने ‘व’चा ‘ब’ केला, मराठीने ‘छ’चा ‘स’ केला.

आता संस्कृत आणि इंग्रजी. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन, गॉथिक यांच्या शाखेत, जुन्या स्फोटक व्यंजनांची एक संपूर्ण रांग सरकली. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांच्या नावाने तो नियम ओळखला जातो. त्याच्या जुळण्या तक्त्यात अशा उतरवाव्यात:

१. संस्कृत ‘प’ समोर इंग्रजी ‘फ’: पितृ–फादर, पाद–फूट, पूर्ण–फुल.
२. ‘त’ समोर ‘थ’: त्रि–थ्री, तनु–थिन, तृष्णा–थर्स्ट. आपली ‘तहान’ म्हणजे तृष्णाच.
३. ‘श’ समोर ‘ह’: शत–हंड्रेड, श्वन्–हाउंड, शृंग–हॉर्न.
४. ‘द’ समोर ‘ट’: दश–टेन, दंत–टूथ, द्वि–टू, अद्–ईट.
५. ‘ग’ किंवा ‘ज’ समोर ‘क’: गो–काउ, जानु–नी, ज्ञा–नो. ‘नी’ आणि ‘नो’ यांच्या इंग्रजी लेखनात आरंभी जे मुके अक्षर मुलांना छळते, तो हाच ‘क’. तो पूर्वी उच्चारला जात असे.
६. ‘भ’ समोर ‘ब’: भ्रातृ–ब्रदर, भ्रू–ब्राउ, भृ–बेअर.
७. ‘ध’ समोर ‘ड’: मधु–मीड, विधवा–विडो, धा–डू.

हा तक्ता हाती आला की संदेशांतल्या जोड्यांना पाच मिनिटांत निकाल देता येतो. ‘कट’ आणि ‘कातरणे’ घ्या. इंग्रजी ‘क’ समोर ‘ग’ किंवा ‘ज’ यायला हवा होता. आला आहे ‘क’. जोडी नामंजूर. ‘पथ’ आणि ‘पाथ’ घ्या. इंग्रजी शब्द या मुळातून वारशाने उतरला असता तर त्याची सुरुवात ‘फ’ने झाली असती. येथे जोडी पडते ती फार सारखी असल्यामुळे. दूरच्या दोन शाखांत शब्द जसाच्या तसा भेटला की आनंद मानू नये, संशय घ्यावा.

उलट बाजूचे उदाहरण आर्मेनियन भाषेचे. तिथे दोनला ‘एर्कु’ म्हणतात. ‘द्वौ’शी एकही अक्षर जुळत नाही, आणि तरीही तो ‘द्वौ’चाच सोयरा आहे, कारण त्या भाषेत आरंभीच्या ‘द्व’चे ‘एर्क’ होणे इतर शब्दांतही आढळते.

तपासणी: एका जुळणीला किमान तीन-चार स्वतंत्र शब्द मिळाले पाहिजेत, आणि शब्दातील प्रत्येक व्यंजनाचा हिशेब लागला पाहिजे. पहिले अक्षर जुळले आणि बाकीचे हवेत सोडले, तर ती जुळणी नव्हे.

टप्पा ६: एक जोडी शेवटपर्यंत सोडवून पाहावी

‘चाक’ आणि इंग्रजी ‘व्हील’. कानाला काहीही साम्य नाही. म्हणूनच ही जोडी सरावाला उत्तम.

चाक हा प्राकृत ‘चक्क’मधून आला, आणि तो ‘चक्र’मधून. ‘व्हील’चे जुन्या इंग्रजीतील एक रूप ‘ह्वेओगोल’ असे आहे. ग्रीकमध्ये ‘क्युक्लोस’. आता एकेक ध्वनी पाहू.

आरंभीच्या जुन्या ‘क्व’चे जर्मानिकमध्ये ‘ह्व’ होते. आधार: संस्कृत कः, लॅटिन क्विस, जुने इंग्रजी ‘ह्वा’, आजचे ‘हू’. हिशेब लागला. पण संस्कृतात ‘क’ हवा तेथे ‘च’ कसा? पुढे मुळात ‘ए’ असला की संस्कृतात ‘क’चा ‘च’ होतो. ‘आणि’ या अर्थाचा संस्कृत ‘च’ लॅटिनमध्ये ‘क्वे’ आहे. पञ्च तिथे ‘क्विंक्वे’ आहे. ‘चकार’ या रूपात द्विरुक्तीचा पहिला ‘च’ आणि दुसरा ‘क’ याच कारणाने वेगळे आहेत. ‘चक्र’मध्येही पहिला ‘च’ आणि दुसरा ‘क’ मुळात एकच व्यंजन आहे. दुसऱ्या ‘क’ची सावली जुन्या इंग्रजीतल्या ‘ग’मध्ये उरली होती, पुढे तीही विरघळली.

राहिला ‘र’. इंग्रजी आणि ग्रीकमध्ये ‘ल’ आहे. संस्कृतात अनेक ठिकाणी जुन्या ‘ल’चा ‘र’ झालेला आहे: श्रुत समोर ग्रीक ‘क्लुतोस’ आणि इंग्रजी ‘लाउड’, रुच् समोर लॅटिन ‘लुक्स’ आणि इंग्रजी ‘लाइट’, पूर्ण समोर ‘फुल’. हिशेब पुरा झाला.

आणि ‘सायकल’? ती ग्रीक ‘क्युक्लोस’वरून लॅटिन, मग इंग्रजी, मग मराठी अशी आली. ‘चरखा’ फारसीतून आला, त्याच मुळाच्या इराणी रूपावरून. म्हणजे सायकलचे चाक म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो. मात्र या चौघांपैकी वारशाचा फक्त ‘चाक’. तक्त्यात ‘चक्र’ तत्समांत, ‘चरखा’ आणि ‘सायकल’ उसन्यांत जातात.

टप्पा ७: अपवादांची कारणे द्यावीत

जुळणी मोडली की दोन चुका होतात. काही जण अपवाद लपवतात, काही जण त्याच्यामुळे सगळा नियम टाकून देतात. अपवाद वेगळ्या पानावर लिहावा आणि त्याला कारण आहे का, ते शोधावे.

जर्मनमध्ये वडील ‘फाटर’ आणि भाऊ ‘ब्रूडर’. पितृ आणि भ्रातृ या दोहोंत ‘त’ असताना जर्मनमध्ये एकीकडे ‘ट’ आणि दुसरीकडे ‘ड’ का? गॉथिकमध्येही हे दोन वेगळेच आहेत. डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर यांनी एकोणिसाव्या शतकात याचे कारण वैदिक स्वरांत शोधले: ‘पिता’चा उदात्त, म्हणजे उंच आघात, शेवटच्या अक्षरावर आहे, ‘भ्राता’चा पहिल्या. जर्मानिक शाखेने तो आघात नंतर गमावला, पण व्यंजनावर त्याची खूण राहिली. आजच्या इंग्रजीत ‘फादर’ आणि ‘ब्रदर’ एकसारखे झाले आहेत, त्यामुळे टप्पा ४ गाळणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही.

दुसरा अपवाद ‘द्वार’ आणि ‘डोअर’ यांचा. ही जोडी खरी आहे, पण वरच्या तक्त्याप्रमाणे इंग्रजी ‘ड’ समोर संस्कृतात ‘ध’ हवा. ग्रीक ‘थुरा’ही त्याच ‘ध’ची साक्ष देते. दाराच्या दोन फळ्यांमुळे ‘द्वि’ची छाया या शब्दावर पडली, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. अपवादांच्या पानावर ‘नाते मान्य, आरंभीचे व्यंजन अनियमित’ असे स्पष्ट लिहावे.

टप्पा ८: व्याकरणाच्या रूपांनी खात्री करावी

शब्द उसने मिळतात; अनियमित रूपे सहसा मिळत नाहीत. संस्कृत ‘अस्ति’ आणि ‘सन्ति’, लॅटिन ‘एस्त’ आणि ‘सुन्त’, जर्मन ‘इस्ट’ आणि ‘झिंट’. एकवचनात आरंभी स्वर आहे, अनेकवचनात तो गळतो, आणि हे तिन्ही भाषांत एकाच जागी घडते. शंभर सारख्या नामांपेक्षा अशी एक खोड अधिक बोलते. आपल्या यादीतील भाषांत अशी निदान एक तरी खोड सापडते का, ते पाहावे.

टप्पा ९: निष्कर्ष लिहावा

येथे एक चूक हमखास होते. ‘फादर पितृवरून आला’ असे लिहू नये. दोन्ही शब्द एकाच, लेखी पुरावा न उरलेल्या पूर्वज भाषेतून आले, असे लिहावे. संस्कृत जुनी आहे, तुलनेसाठी अमूल्य आहे, पण ती लॅटिनची किंवा इंग्रजीची आई नाही, आणि याचा पुरावा संस्कृतातच आहे. संस्कृत ‘अ’ समोर ग्रीकमध्ये कधी ‘ए’ येतो, कधी ‘अ’, कधी ‘ओ’: दश–देका, अजामि–अगो, पति–पोसिस. ‘अ’ मूळचा असता तर ग्रीकमध्ये तो तीन ठिकाणी तीन प्रकारे का फुटला, याला कोणताही नियम देता येत नाही. उलट टप्पा ६ मधला ‘च’ आणि ‘क’ यांचा भेद सांगतो की संस्कृतातही एके काळी तेथे ‘ए’ होता. म्हणजे तिघे वेगळे होते आणि संस्कृतात एक झाले.

पूर्वज रूप कल्पून लिहायचे झाल्यास त्याच्या आधी तारा (*) काढावी. तारेचा अर्थ हे रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही, अनुमानाने उभे केले आहे, असा होतो. तारा गाळणे ही अप्रामाणिक चूक आहे.

शेऱ्याच्या रकान्यात चारच शब्द वापरावेत: वारसा, उसना, योगायोग, अनिर्णित. ‘अनिर्णित’ लिहायला कचरू नये. माझ्या वहीत तोच शेरा सर्वांत जास्त वेळा आहे.

नमुन्यादाखल एक नोंद. शब्द ‘बदनाम’, फारसीतून उसना. पूर्वार्ध ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’: ध्वनी आणि अर्थ दोन्ही तंतोतंत सारखे, पण मागे जाणारी एकही नियमित जुळणी नाही, शेरा, योगायोग. उत्तरार्ध ‘नाम’ आणि इंग्रजी ‘नेम’: संस्कृत नामन्, लॅटिन नोमेन, गॉथिक नमो, सर्व व्यंजनांचा हिशेब लागतो, शेरा, वारसा, फारसी आणि इंग्रजी दोन्हीकडे आपापल्या वाटेने आलेला.